क्षमा करणाऱ्यांची यादी

नोकरीतली शेकडो प्रकरणं मी विसरलो. वणी-राजूर रस्त्यावरचं एक मात्र अजूनही तपशीलवार सांगू शकतो, कारण त्यात गुन्हेगार सापडल्यावर माझी खरी अडचण सुरू झाली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी वणीला फौजदार होतो. भर दुपारी कोळशाच्या एका ट्रकनं रस्त्यावर खडी फोडणाऱ्या मजुराला उडवलं आणि ट्रक निघून गेला. पंचनाम्यात मी तीन गोष्टी नोंदवल्या : कोळशाचा चुरा, चेपलेलं घमेलं आणि रस्त्यापासून बाभळीच्या सावलीपर्यंत रक्ताचा माग. माणूस वीस पावलं सरपटत गेला होता. डॉक्टरांच्या मते तो तासभर तरी जिवंत असावा. वेळेवर उचलला असता तर वाचलाही असता.

त्याची बायको रोज ठाण्यात येई. "लोक म्हनतात, पिऊन पडला होता. साहेब, तो पेत नव्हता. ज्यानं मारलं त्याच्या तोंडून हे कोर्टात निघू द्या." तिचं मागणं एवढंच.

आठवड्यानं खबर दिली मोटारस्टँडवरच्या चहावाल्यानं. "तुमी इकडं ट्रका तपासून राह्यले, अन् तुमचा मानूस तं रविवारी चर्चात मंडळीसमोर रडून मोकळा झाला."

ड्रायव्हर ख्रिस्ती होता. उपासना संपल्यावर त्यानं उभं राहून कबुली दिली आणि मंडळीनं हात वर करून त्याला क्षमा केली. मी त्याला ठाण्यात आणलं. सरपटल्याच्या खुणा सांगितल्यावर खाली पाहून म्हणाला, "आरशात दिसला. हात वर केलता त्यानं. मी भेलो."

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. मंडळीपुढची चालते, साक्षीदार उभा राहिला तर. मी हात वर करणाऱ्यांची यादी केली. सव्वीस नावं. एकेकाला बोलावलं. पंचवीस जणांचं उत्तर एकच : "साहेब, माफ केलं ते केलं. आता साक्ष कशी देऊ?"

मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, म्हणाले, "जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड मारावा, असं प्रभूनं सांगितलंय."

"दगड नको, सही पाहिजे," मी म्हणालो. सही मिळाली नाही.

यादीतल्या, घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणाऱ्या एका म्हातारीला मी शेवटी बोलावलं होतं. तिला डॉक्टरांचा अहवाल वाचून दाखवला.

"तासभर?" ती म्हणाली. "आमाले तं त्यानं सांगतलं, जागीच गेला."

ती ओळ तिनं मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "मंग आमी माफी कायची देली? अन् त्या बाईले कोनी इचारलं? ज्याचं वाईट केलं त्याच्याकडं आधी जा, मंग देवापुढं दान ठेव, हे मीच इतके वर्स वाचून दाखवून राह्यली. लिवा साहेब."

तिच्या साक्षीवर खटला उभा राहिला. त्यानंतर उपासनेत तिच्या शेजारी कोणी बसेना, असं चहावाल्याकडून कळलं.

कोर्टात पाळकांनी आरोपीच्या पश्चात्तापाची ग्वाही दिली. आरोपीनं वकिलाच्या सल्ल्यानं तोंड उघडलं नाही. तो दोषी ठरला. पश्चात्ताप लक्षात घेऊन शिक्षा चार महिने. मयताच्या पोटात दारू नव्हती, हे अहवालात होतं. ते वाचून दाखवायची कोणाला गरज वाटली नाही, मलाही नाही. साक्षीदारांची यादी मीच केली होती. मयताच्या बायकोनं अपघात पाहिलेला नव्हता, म्हणून तिचं नाव घातलं नव्हतं.

व्हरांड्यात पाळक तिला सौम्यपणे म्हणाले, "बाई, तूही माफ करून टाक. मन हलकं होईल."

"कोनाचं?" तिनं विचारलं.

ती पायऱ्या उतरून निघून गेली.

त्यांच्या शास्त्रात न्याय आणि दया या दोन्ही देवाच्या गोष्टी आहेत. त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण मंडळीत आणि कोर्टात, दोन्ही ठिकाणी निकाल लागला तेव्हा त्या बाईला कोणी एक शब्द विचारला नव्हता. पुढं माणूस दगावलेल्या प्रत्येक गुन्ह्यात मी पहिला जबाब मयताच्या घरच्यांचा घेत आलो, त्यांनी काही पाहिलेलं असो वा नसो. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.