मागच्या सीटवरचा मेकॅनिक

बायको वारल्याले वर्ष झालं. तिची शाल तिच्या आजारी बहिणीनं मागितली, म्हणून अकोल्याहून परतवाड्याले निघालो. मूर्तिजापुरात गाडी पुन्हा जोर दिला की बंद पडाले लागली. तिथला मेकॅनिक बसाले म्हणून माझ्या बाजूच्या सीटवरची शाल उचलू लागला. मी खेकसलो, "हात नको लावू!"

तो मागच्या सीटवर जाऊन बसला. "चालवा काका." चालत्या गाडीत सीटले कान लावून ऐकत राहिला. मग म्हणाला, "पेट्रोलचा पंप इथं खाली आहे. थकला बिचारा. जोर मागतला की दम सोडते."

त्यानं पंप बदलला. गाडी सुरळीत पळाली.

"अकोल्यात तिघायनं बोनेट उघडून पाह्यलं. कोणाले नाही समजलं."

"त्यायले तुमी मागं कुठं बसवलं?" तो हसला.

शाल कोणाची, हे त्यानं विचारलं नाही. वर्षभरात असा शहाणा माणूस मले तेवढाच भेटला.