माझा नऊ मतांचा मूकपट

चहा घ्या, पण हा किस्सा आमच्या घरी काढू नका हं! अजून कान लाल होतात माझे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि भंडाऱ्यातल्या आमच्या सिनेमा मंडळाचे अर्धे सभासद तिकडे गेले. उरलो अकरा जण. त्यात शालिक, माझा शेजारी, लुगड्यांचा व्यापारी. माणूस बोलतो कमी, पण जुन्या सिनेमातलं त्याला सगळं ठाऊक. बायको रोज म्हणायची, "शालिकभाऊले केवढी माहिती!" माझी नुसती जळायची हो! खोटं कशाला बोलू?

एकदा मंडळानं ठरवलं, सर्वोत्तम मूकपट मतदानानं निवडायचा आणि तोच सहकुटुंब पाहायचा. शालिकनं सात नावं सुचवली. मी? मी आयुष्यात एकच मूकपट पाहिलेला, लहानपणी आमच्या आसगावला, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते ना, तिथल्या तंबूत. पण शालिकला हरवायचं म्हणजे हरवायचं! उठलो आणि नायिकेचं रडणं स्वतः रडून दाखवलं. नायकाचं घोड्यावरून पडणंही दाखवलं, खुर्चीवरून.

"एक शब्द नाई राजेहो, तरी सारं गाव रडलं होतं!"

नऊ मतं मला! शालिक हसून म्हणाला, "मी नाई पायला हा. शोधतो."

त्या दिवशी मी दोन वाट्या भात जास्त जेवलो.

शालिकनं कुठून कुठून तो सिनेमा मिळवला. रविवारी सगळे जमले. मी पहिल्या रांगेत, बायको शेजारी. पडदा उजळला, नायिका विहिरीवर आली, घागर ठेवली आणि... गायला लागली! मागे दहा मैत्रिणींसकट!

"अजी, हे तर गाऊन राहिली!" बायको म्हणाली.

"आता बोलूनबी राहिली," मागून कोणीतरी म्हणालं.

आणि तेव्हा मला आठवलं. आसगावच्या तंबूत तो सिनेमावाला पूर्ण वेळ भोंग्याला थापा मारत होता. सिनेमा बोलणाराच होता, त्याचा भोंगा बंद पडला होता हो!

आता हशा पिकणार, तेवढ्यात शालिक उठला आणि त्यानं आवाज बंद केला. "यायनं जसा पायला, तसाच पाहू ना."

सगळ्यांनी दोन तास तसाच पाहिला. शेवटी खरंच रडले लोक! टाळ्या कोणाला? शालिकला!

घरी येताना बायको माझ्याकडे बघतच राहिली. म्हटलं, आता ऐकवणार. तर म्हणते कशी, "आज दोन घंटे तुमी काहीच नाई बोलले. गप बसले ना का, थोडे थोडे शालिकभाऊसारखेच दिसता."