मेमरी कार्डातला अल्बम

परवा रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, ओल्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वास आला आणि मला दुष्काळातली चारा छावणी आठवली. सहकारी साखर कारखान्यानं उघडलेल्या त्या छावणीत आमची बैलं आणि माझ्या दोस्ताच्या म्हशी दिवसभर वाढं चघळत, आणि आम्ही एकाच हेडफोनचं एकेक टोक कानात घालून बसायचो. माझा गिटारवाला गायक त्याला मिळमिळीत वाटायचा. त्याच्या लाडक्या रॅपरचा अख्खा अल्बम नांदूरघाटच्या मोबाइलवाल्यानं मेमरी कार्डात भरून दिला होता. त्यात पहिल्याच गाण्यात रॅपर मेलेल्या भावासाठी रडायचा आणि शेवटच्या गाण्यात दोस्तांबरोबर खिदळायचा. मी म्हणालो, "असं कुठं असतंय का? ह्याचा क्रमच चुकलाय." तो उखडला. "तुला काय कळतंय बे? आधी रडून घेतलं, मग हसला. लई खरा माणूस हाय." त्याच वर्षी हिवाळ्यात तो ऊसतोडीला गेला आणि उसाची ट्रॉली उलटून तिच्याखाली सापडला. घरी आलाच नाही. पुढं कितीतरी वर्षांनी तो अल्बम मला नेटवर सापडला, तेव्हा कळलं की मोबाइलवाल्यानं गाणी नुसती एबीसीडीच्या क्रमानं भरली होती. खऱ्या अल्बमात हसणं आधी आहे आणि रडणं अगदी शेवटी. माझंच बरोबर होतं, आणि तो अल्बम तसाच जास्त चांगला वाटतो. तरी मी अजून दोस्ताच्याच क्रमानं लावतो, आणि शेवटचं, दोस्तांबरोबर हसायचं गाणं आलं की बंद करतो.