एक पॉइंट पस्तीस
परवा दुकानात एक मदरबोर्ड करपला आणि त्या वासासरशी सात-आठ वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. ज्या उस्तादांकडं मी काम शिकलो, ते झरीच्या एका गुरुजींना घेऊन माझ्या दुकानात आले होते. उस्तादांनीच जोडून दिलेला गुरुजींचा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडत होता. याच उस्तादांनी मला एकदा भर गिऱ्हाइकांत हाकललं होतं, कारण मी रॅमचं व्होल्टेज ऑटोवर ठेवलं होतं. "मशीनच ठरवणार असंल तर तुझं काय काम हाय इथं? ऊठ!" त्या दुपारी मी गुरुजींच्या मशीनचं सेटिंग उघडलं. रॅमच्या व्होल्टेजचा हातानं टाकलेला आकडा होता १.५३, पाहिजे होता १.३५. उस्तादांची नजर गेलीय, हे मला तिथंच कळलं. गुपचूप ऑटो केलं असतं तर गुरुजींना पत्ताही लागला नसता. मी मॉनिटर फिरवला. "उस्ताद, जरा मोठ्यानं वाचा की." ते वाकले, चष्मा पुसला आणि ठासून म्हणाले, "एक पॉइंट पस्तीस. बरोबर हाय." "गुरुजी, आता तुमी वाचा." गुरुजींनी खरा आकडा वाचला आणि मान खाली घातली. उस्ताद निघाले. दुकानाची पायरी त्यांनी पायानं चाचपून शोधली. महिनाभरात त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडं आली. मला हाकलल्याबद्दल मात्र ते शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मी माफ केलेलं नाही. आकडा मी आजही हातानंच टाकतो. चष्मा लागल्यापासून दोनदा वाचतो, दुकानात कुणी नसताना.