डोळ्यातली कपची

लोणंदजवळच्या दगडाच्या खाणीत माझी सासू जिभेने डोळे साफ करायची. ऐकायला कसंसंच वाटतं, मला ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि तोंड फिरवून ओकले. एक दणकट गडी तिच्यापुढे उकिडवा बसला होता. तिने चूळ भरली, त्याचं तोंड उन्हाकडे वळवलं, दोन बोटांनी पापणी उलटली आणि वाटीच्या कडेचं तूप निपटावं तसं जिभेचं टोक डोळ्यातून फिरवलं. मग तळहातावर थुंकून दगडाची कपची त्याला दाखवली. गडी हसत उठला आणि परत घण उचलायला गेला. पुढे माझ्याही डोळ्यात कपची गेली, तेव्हा मी मुकाट्याने तिच्यापुढे जाऊन बसले. किळस कुठल्या कुठे पळाली.

महायुद्धाची वर्षं होती. रेल्वेला खडी कितीही दिली तरी पुरत नव्हती आणि मुकादम आमच्या डोक्यावर बसलेला असायचा. गडी छिन्नी लावून, घण मारून दगड फोडायचे, आम्ही बाया त्याची खडी करायचो. कपच्या तर दिवसभर उडत. मुकादमाच्या खोपटात तारेच्या जाळीचे चष्मे खुंटीला लटकत होते, रेल्वेच्या साहेबाने धाडलेले. पण ते घालतो कोण? आत घाम साचतो, नीट दिसत नाही, अशी कारणं सांगायला होतीच. खरं कारण निराळं होतं. पहिल्या दिवशी ज्याने चष्मा चढवला त्याला सगळी खाण ‘मुसकी बांधलेला बैल’ म्हणून हसली होती.

हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे माझा नवरा. आम्ही बाया नवऱ्याचं नाव घेत नसू, नुसतं ‘हे’ म्हणायचो, तसंच इथेही म्हणते. यांना आपल्या रूपाचा भारी तोरा.

“आन् गेलीच कपची, तर आमची आये हाय की!” हे म्हणायचे.

सासूलाही ते ऐकून बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

घणाचे घाव खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं फुलतं आणि कडेने लोखंडाची झालर सुटते. लोहाराकडे नेऊन ती कापून आणावी लागते, नाहीतर घावासरशी तिचा तुकडा उडतो. यांच्या छिन्नीला अशी झालर सुटली होती. मालगाडीच्या वाघिणी भरून झाल्या की बघू, असं मुकादम रोज सांगत होता. त्या सकाळी हे छिन्नी धरून बसले होते, जोडीदार घण मारत होता. एक घाव पडला आणि हे छिन्नी सोडून मागे कलंडले. हात उजव्या डोळ्यावर.

“आये, चूळ भर गं,” हे म्हणाले. तेव्हाही हसतच होते.

सासू आली. पापणी उलटली, जीभ एकदा फिरवली आणि थबकली. पुन्हा फिरवली नाही. ती बाजूला थुंकली.

“दगूड न्हाई ह्यो. लोखंड हाय, आंबट लागतंय. आन् आत रुतलंय.”

“मग काढ की. जरा जोर लाव.”

“न्हाई.”

“तू न्हाई म्हंतीस, आये?”

“व्हय, मी म्हंते. ह्ये माज्या जिभंचं काम न्हाई. मिरजंच्या दवाखान्यात न्या ह्येला.”

मुकादम म्हणाला, “उद्यापातूर आपसूक बरं वाटंल. वाघिणी हुब्या हायत्या.”

माझं डोकं फिरलं. “आवं मुकादम, तुमच्या डोळ्यात लोखंड घुसलं असतं, तर वाघिणी बघत बसला असता का?” आजवर त्याच्यापुढे मी मान वर केली नव्हती. तो तोंड फिरवून वाघिणींकडे निघून गेला.

गाडीत लष्करातले गडी खचाखच भरले होते. आम्ही तिघं दाराशी अंग चोरून बसलो. हे ओलं फडकं डोळ्यावर धरून दर स्टेशनाला विचारायचे, “मिरज आली का?” सासू सारा वेळ पदर तोंडावर दाबून बसली होती. मला मुकादमाचा राग येत होता, यांच्या तोऱ्याचा येत होता, पण त्या सगळ्याच्या खाली निव्वळ भीती होती.

दवाखान्यात लोखंड निघालं, नजर मात्र वाचली नाही. डॉक्टर चांगला माणूस होता, समजावून सांगत होता. “एक उरलाय, तो जपा. उघड्या डोळ्याने पुन्हा दगडापुढे बसू नका.”

परत आल्यावर सासू थेट मुकादमाच्या खोपटात गेली. खुंटीवरचा चष्मा काढून तिने स्वतःच्या डोळ्यांवर बांधला आणि खडी फोडायला बसली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

“हसा,” ती म्हणाली. “माज्या जिभंच्या भरवशावर तुमी उगड्या डोळ्यानं बसला. माजं पोरगंबी तसंच बसलं. आता जाळी घातल्याबिगर जो माज्याकडं यील, त्येला मी शिवनार न्हाई.”

लोकांना वाटलं, म्हातारी चार दिवसांत विसरेल. पण जाळीविना कळवळत आलेल्या दोघा गड्यांना तिने तसंच परत पाठवलं, तेव्हा एकेक चष्मा खुंटीवरून उतरू लागला. हेही घालायचे. मनातून नाही, पण घालायचे.

उन्हाळ्यात यांचा एक दोस्त फौजेतून रजेवर आला आणि भेटायला खाणीवर आला. त्याच्यासमोर मुसकी बांधून कसं बसायचं? यांनी जाळी गळ्यात ओढली आणि हे बोलत उभे राहिले. शेजारी कुणाचा तरी घाव पडला.

“आये!”

हात डाव्या डोळ्यावर होता. उरलेल्या डोळ्यावर. दुसरा हात हवेत चाचपडत होता. खाणीतले सगळे घण थांबले. सासू धावत आली, तिची नजर यांच्या गळ्यातल्या जाळीवर गेली आणि ती जागीच उभी राहिली.

“आत्या!” मी ओरडले. “आता ती जाळी बगू नगा!”

तिने तांब्या उचलला. घाईत निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. चूळ भरून तिने पापणी उलटली, जीभ फिरवली आणि मागे झाली. पण थुंकली नाही. तोंड मिटून चव बघत उभी. मला तिच्या तोंडाकडे बघवेना आणि नजरही हटेना.

मग ती तळहातावर थुंकली.

“दगूड हाय,” ती म्हणाली. “दगूड हाय रं लेका. दगूडच हाय.”

यांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. “दिसतंय, आये.”

सगळ्या खाणीसमोर, त्या फौजी दोस्तासमोर, तिने आपल्या थोराड मुलाच्या थोबाडीत एक सणसणीत ठेवून दिली. मग रडत रडत त्यांच्या गळ्यातली जाळी वर ओढली आणि मागून घट्ट गाठ मारली.