तिसरा दिवा

डाळजला आमच्या घराच्या गच्चीवरून उजनीचं पसरलेलं पाणी दिसतं आणि पाण्याच्या कडेला आमच्या पाणी उपसायच्या मोटरीची पत्र्याची खोली. त्या खोलीच्या दारावर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीन बल्ब लावले होते. विजेच्या तीन फेजना तीन बल्ब. तिन्ही पेटले तर मोटर चालू करायची. दोनच पेटले तर हात लावायचा नाही, कारण दोन फेजवर मोटर जळते.

बारामतीच्या इंग्रजी शाळेची बस मला हायवेला सोडायची. शाळेत मी गप्प असायची. तिथल्या मुलींचे डॅडी होते, माझे तात्या होते, आणि तो विषय निघू नये म्हणून मी कुठलाच विषय काढायची नाही. घरी येऊन दप्तर टाकलं की मात्र माझं एक काम ठरलेलं होतं. लाईट यायच्या वेळेला गच्चीवर उभं राहायचं. तात्या खाली पेरूच्या बागेत असत, झाडांमुळं त्यांना बल्ब दिसत नसत. ते पानांतून विचारायचे, "किती गं?" मी ओरडायची, "तीन!" किंवा "दोन!" पुष्कळदा दिवसभरात मोठ्यानं उच्चारलेला माझा तेवढाच शब्द असायचा.

एका हिवाळ्यात तिसरा बल्ब सारखा उडायला लागला. बदलला की पेटायचा, पुन्हा उडायचा. घरात त्याची चेष्टा सुरू झाली. अशाच एका संध्याकाळी मी "दोन!" म्हणून ओरडले, तर चुलते खालून हसले आणि तात्यांना म्हणाले, "रोजचंच हाय की त्येचं. बल्ब उडला आसंल. कर चालू!"

मोटर चालू झाली. थोड्या वेळानं पाण्यावरून जळका वास आला, वार्निश करपल्यासारखा. त्या दिवशी फेजच गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी प्रत्येक बल्बशेजारी एकेक बल्ब आणखी बसवला. "येक बल्ब खोटं बोलंल," ते मला म्हणाले. "दोन्ही कशाला बोलत्याल?"

आता मी विमान चालवते. उजवीकडच्या खुर्चीत बसते, डावीकडे कॅप्टन. लहान शहरांकडे जाणारी पंख्यांची विमानं आहेत आमची. चाकं खाली येऊन पक्की बसली की समोर तीन हिरवे दिवे लागतात, आणि तसेच तीन दिवे डोक्यावरच्या पॅनेलवरही आहेत. प्रशिक्षणात पहिल्यांदा ते दुहेरी दिवे पाहिले तेव्हा मला एकदम पेरूच्या बागेचा वास आला होता. वर्गात मी कुणाला सांगितलं नाही. सुट्टीत घरी तात्यांना सांगितलं, तर ते बराच वेळ हसत राहिले.

आमच्या एका विमानाला उजव्या चाकाची खोड लागली होती. समोरचा दिवा लागायचा नाही, डोक्यावरचा लागायचा. म्हणजे चाक जागेवर, फक्त दिव्याच्या वायरीत काहीतरी. दुरुस्ती व्हायची, काही दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. वैमानिकांना आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या दुपारी आम्ही पुण्यात उतरत होतो. हिवाळ्याचं ऊन ढगांच्या कडांना लागलेलं, सगळं आभाळ दुधावरच्या सायीसारखं स्थिर. कॅप्टननी सांगितल्यावर मी चाकांचा दांडा खाली केला. खालून घरघर आली. समोर एक हिरवा, दुसरा हिरवा, आणि तिसऱ्या जागी काळोख.

"आला बघ आपला पाहुणा," कॅप्टन म्हणाले. ते साताऱ्याकडचे, चांगले माणूस, मला चेष्टेनं पाटलीणबाई म्हणत. "वर असेलच. चला, पुढं."

मी वर पाहिलं. वरचाही लागलेला नव्हता.

धावपट्टी दूर धुरकट उन्हात एखाद्या मोजपट्टीसारखी ठेवलेली दिसत होती. ती हळूहळू मोठी होत होती. बोलायचं होतं आणि होत नव्हतं. शाळेत हात वर करायचा राहून जायचा, तसं. मी पुन्हा पाहिलं, कदाचित उन्हामुळं दिसत नसेल म्हणून हातानं सावली धरली. नव्हताच. अशा वेळी म्हणायचे ठरलेले इंग्रजी शब्द आम्हाला पाठ असतात. त्यातला एकही आला नाही.

"दोन!" मी ओरडले.

कॅप्टन दचकले. "काय?"

"दोनच आहेत, सर. वर पण दोनच."

त्यांनी मान वर केली. मग विमान वर उचललं. धावपट्टी आमच्या खालून सरकत मागं गेली.

आम्हाला पूर्वेकडं घिरट्या घालत थांबायला सांगितलं. केबिनमधून हवाई सुंदरीचा फोन आला. "एक आजी विचारतायत, पुणं मागं राहिलं का? त्यांची चहाची वेळ झालीय म्हणे."

"सांगा, पुणं कुठं जात नाही," कॅप्टन म्हणाले. आवाज हसरा होता, पण कपाळावर घाम होता.

वळताना माझ्या खिडकीत उजनीचं पाणी आलं. इतक्या उंचीवरून ते पाणी वाटत नव्हतं, कुणीतरी जमिनीवर आभाळाचा तुकडा वाळत घातल्यासारखं वाटत होतं. कडेला गुलाबी ठिपके होते, रोहित पक्ष्यांच्या थव्यांचे. ते उतरताना लांब पाय आधी खाली सोडतात. लहानपणी मला वाटायचं, एखादा विसरला तर?

मी चाकं सोडायच्या पर्यायी पद्धतीच्या सूचना वाचल्या, एकेक ओळ. कॅप्टन प्रत्येक ओळीला "हो" म्हणत गेले. शेवटी मी आपत्कालीन दांडा ओढला. त्यानं कड्या सुटतात आणि चाक नुसतं स्वतःच्या वजनानं खाली पडतं. वाट पाहिली. काही झालं नाही. कॅप्टननी विमानाचं नाक हळूच डावीउजवीकडं झुलवलं, झोळीतलं मूल झुलवावं तसं. खाली पाणी झुललं, ऊस झुलला.

मग पायाखाली कुठंतरी खट्ट झालं.

समोरचा दिवा लागला. वरचाही.

"किती?" कॅप्टननी विचारलं. त्यांना दिसत होतं, तरी विचारलं.

"तीन, सर. वर पण तीन."

उतरलो तेव्हा चाकं इतकी हळू टेकली की आजींना कळलंही नसेल. दुरुस्ती पुरी झाल्याशिवाय हे विमान हलणार नाही, असं कॅप्टननी इंजिनिअरांना तिथंच सांगितलं. जाताना ते माझ्याशेजारी थांबले. "मी वर बघितलंच नव्हतं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी घरी फोन केला. असलं काही मी घरी सांगत नाही. जेवण झालं का, थंडी आहे का, एवढंच बोलते.

"आज येक इमान लई येळ फिरत हुतं पाण्यावर," तात्या म्हणाले. "पार उंच. तुझं हुतं का गं?"

"हो," मी म्हणाले.

ते बागेतच असावेत. पेरूची पानं सळसळत असल्यासारखं ऐकू आलं.

"किती पेटलं हुतं?"

"आधी दोन. मग तीन."

"बोलली का तू?"

"ओरडले."

"मग बरं," ते म्हणाले, आणि लगेच, "थांब, लाईट आली जनू." फोन कानाला तसाच असणार, कारण लांबून, गच्चीवरून, आईचा बारीक आवाज आला.

"तीन हो!"

पाठोपाठ मोटर सुरू झाली. मी फोन ठेवला नाही. पाणी पाटात पडायला लागेपर्यंत ऐकत राहिले.