बहिणीच्या हातातला गुडघा

माझा गुडघा खो-खोनं घेतला. साठ सालानंतरची गोष्ट. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत मी दहावीत होते; शाळा तेव्हा अकरावीपर्यंत असायची. खांबाला वळसा घालताना पाय मातीत रुतून तिथंच राहिला आणि मी मात्र वळले. आत काहीतरी कट्‌कन तुटलं. महिनाभर लेप झाले, शेकून झालं, शेवटी बाबांनी मला छोट्या लाइनच्या, नॅरोगेज गाडीनं गोंदियाला आणि तिथून पुढे नागपूरला नेलं. गुडघ्यातला अस्थिबंध तुटलाय, उघडून शिवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. शिवला. मग मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आणि दोन महिने खाटेवर.

त्या दोन महिन्यांत शाळेच्या संघातली माझी जागा माझ्या धाकट्या बहिणीला मिळाली.

ती माझ्याहून दीड वर्षानं लहान. तोपर्यंत राखीव पोरींमध्ये बसायची आणि माझ्या चपला सांभाळायची. जबलपूरला विभागाचा संघ निवडला जाणार होता आणि त्यासाठी दोन वर्षं मी जीव तोडून पळत होते. आमचे खेळाचे गुरुजी मला बघायला आले आणि माझ्या उशाशी बसून आनंदानं म्हणाले, "छोटी तो बड़ी से भी तेज़ निकली! जबलपुर में इसका नाम पक्का समझो." आई कौतुकानं त्यांच्या कपात आणखी चहा ओतत होती. मला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! पाय मोकळा असता तर मी उठून चालती झाले असते.

प्लास्टर कापलं तेव्हा आतून शेवग्याच्या शेंगेसारखी मांडी निघाली. गुडघा वाकेचना. डॉक्टरांनी बाबांना बजावून सांगितलं, की रोज दोनदा कोणीतरी टाच धरून पाय वाकवायचा, रोज थोडा जास्त. हयगय केली तर गुडघा असाच आखडून बसेल. शिवाय मांडीत जोर यावा म्हणून घोट्याला वजन बांधून पाय उचलायचा. आईनं त्यासाठी जुन्या लुगड्याची पिशवी शिवली आणि बाबांनी तिच्यात वैनगंगेची रेती भरून आणली. पण टाच धरणार कोण? बाबा जंगल खात्याच्या कचेरीत. आईचा हात माझ्या पहिल्याच किंकाळीला गळून पडला. राहिली कोण, तर तीच.

सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती पाव तास माझा पाय घेऊन बसायची आणि मग मैदानाकडे पळायची. "थोडंसंच अजून, ताई. झालं, पाहा बरं. झालं!" असं बोलत बोलत, अगदी जपून वाकवायची. तीन आठवड्यांत गुडघा छान मोकळा व्हायला लागला.

एका संध्याकाळी खरोखरच कळ आली. मी ओरडले, तिनं टाच सोडली, तेल कोमट करून आणलं, चोळत बसली. त्या गडबडीत तिची मैदानाची वेळ निघून गेली. मी मात्र पडल्या पडल्या मनात म्हटलं, अरे वा, हे तर सोपं आहे!

दुसऱ्या दिवसापासून माझं नाटक सुरू झालं. पाच वाजले, तिनं टाच धरली, की "अवं माय वं! सोड, सोड, मरते मी!" ती सोडायची. थांबायची, चोळायची, पुन्हा धरायची. मी पुन्हा बोंब मारायची. कोणाला संशय नको म्हणून मांडी ताठ धरून ठेवायची आणि सकाळीही तेच. आठवड्यातून तीन-चार दिवस तिचं मैदान बुडायला लागलं. ज्या दिवशी जायची, त्या दिवशी धुळीनं भरून यायची, गुडघ्यांवर खरचटलेलं, माठापाशी उभी राहून घटाघटा पाणी प्यायची. मला तिच्या तहानेचासुद्धा हेवा वाटायचा. बहीण कसली, मी तिला पाण्यात पाहत होते.

मग नागपूरची तारीख आली. बाबा आम्हा दोघींना घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा तर मागे गेलाय. व्यायाम कोण करवून घेतं?"

"मी," बहीण म्हणाली.

"मग नीट का करवून घेत नाहीस?"

ती खाली मान घालून उभी राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी एक वाक्य बोलायला हवं होतं, फक्त एक. मी छताचा पंखा बघत बसले.

बाबा परतीच्या गाडीत भडकले. "तुले जबलपूरची घाई! बहीण लंगडी राह्यली तरी चालते तुले? खेळ बंद आजपासून. जबलपूर-बिबलपूर काही नाई!" ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. आणि खोटं कशाला सांगू, मला गार गार वाटलं.

घरी आल्यावर मी नाटक बंद केलं. आता त्याची गरजच नव्हती. पण गुडघा तोवर खरोखरच आखडला होता. ज्या संध्याकाळी शाळेच्या पोरी जबलपूरच्या गाडीत बसल्या, त्या संध्याकाळी ती माझी टाच धरून बसली होती आणि मी कळवळत होते, खरीखुरी.

"हळू ना वं! कोणाचा राग काढून राह्यली?"

तिचा हात थांबला. "ताई, नागपूरले जायच्या आधी तुझा पाय वाकत होता. तूच ताठ धरत होती. माझ्या हाताले समजत होतं."

"मग बाबाले सांगितलं काहून नाई?"

"मले वाटलं, तू सांगशील. डॉक्टरपाशी नाई, तं गाडीत सांगशील. गाडीत नाई, तं घरी." तिनं माझी टाच अलगद खाली ठेवली. "अजून सांगितलं तरी चालते. पुढच्या वर्षी पण निवड आहेच."

बाबा बाहेर ओसरीत पेपर वाचत होते. चार पावलं. तेवढं मी आता काठीशिवाय चालत होते. पण पुढच्या वर्षापर्यंत माझाही पाय बरा होणार होता.

मी उठले नाही.